आफ्रिकेची शेती, संशोधनाचा पैसा आणि अर्थखात्याचं टेबल : वाचकांची प्रश्नोत्तरे

केनियाने नोव्हेंबर 2024 मध्ये राष्ट्रीय अ‍ॅग्रोइकॉलॉजी रणनीती जाहीर केली. ती 2024 ते 2033 या काळासाठी आहे. तिच्याबद्दल या सदरात लिहिताना मी म्हटलं होतं की, विकतच्या निविष्ठांवर (बियाणं, खत, औषधं) कमी आणि माती, झाडं, कीटक, जनावरं यांच्या आपसातल्या नात्यावर जास्त भिस्त ठेवणारी शेती, म्हणजेच अ‍ॅग्रोइकॉलॉजी, आफ्रिकेत चालते, याचे पुरावे भरपूर आहेत. हे पुरावे कायद्यात आणि अंदाजपत्रकात उतरवणाऱ्या संशोधनाला मात्र पैसा मिळत नाही. त्यावर बरीच पत्रं आली. काही कुतूहलाची, काही रागाची, आणि दोन-तीन अशी की ज्यांनी मला पुन्हा कागदपत्रं काढायला लावली. त्यांतल्या निवडक पत्रांना ही उत्तरं.

अ‍ॅग्रोइकॉलॉजी म्हणजे सेंद्रिय शेतीच ना? मग नवं नाव कशाला?
— कृषी पदविकेचा विद्यार्थी, राहुरी

दोन्हींत बरंच साम्य आहे, पण त्या एकच नाहीत. सेंद्रिय शेतीची व्याख्या मुख्यतः काय वापरायचं नाही यावर उभी आहे आणि तिचं प्रमाणपत्र मिळतं. अ‍ॅग्रोइकॉलॉजीचं प्रमाणपत्र नसतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्नसुरक्षा समितीला सल्ला देणाऱ्या तज्ज्ञगटाने 2019 मध्ये तिची 13 तत्त्वं मांडली. त्यांत मातीचं आरोग्य, जैवविविधता, निविष्ठा कमी करणं ही अपेक्षित तत्त्वं आहेतच. शिवाय न्याय्य मोबदला, जमीन आणि बियाण्यावरचा कारभार, शेतकरी आणि शास्त्रज्ञांनी मिळून ज्ञान घडवणं हेही आहे. म्हणून हा विषय धोरणाचा होतो. युरियाची गोणी अनुदानात बसते. पण बांधावरचं झाड कोणाच्या मालकीचं, हे ठरवायला कायदाच लागतो.

आमचे आजोबा ज्वारीत मिश्रपिकं घ्यायचे, त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. शेतकऱ्याला जे ठाऊक आहे त्यावर संशोधनाचा खर्च कशासाठी?
— ज्वारी उत्पादक शेतकरी, मंगळवेढा

तुमच्या आजोबांचं ज्ञान हीच या सगळ्याची सुरुवात आहे. पण काही कोडी नुसत्या अनुभवाने सुटत नाहीत. तुम्ही ज्वारीच्या पट्ट्यातले, म्हणून टारफुला या परजीवी तणाचंच उदाहरण घेते.

पश्चिम केनियात, व्हिक्टोरिया सरोवराच्या भोवतालच्या मक्यात टारफुला माजतो. तिथली जात वेगळी, गुलाबी-जांभळ्या फुलांची, पण सवय तीच. पिकाच्या मुळाला चिकटायचं, रस शोषायचा, आणि फुलावर आला की हजारो बारीक बिया मातीत सोडायच्या. त्या बिया 10 वर्षांहून अधिक काळ तग धरतात. जोडीला खोडकिडा आहे. तिथल्या खोडकिड्यांपैकी एक मूळचा आशियातला, आपल्याकडे ज्वारीत पोंगेमर करणारा, म्हणजे मधला पोंगा सुकवणारा, तोच. गेल्या शतकात तो आफ्रिकेत पोचला आणि तिथे त्याला आवरणारे शत्रुकीटक पुरेसे नव्हते.

नैरोबीत मुख्यालय असलेल्या इसिपे या कीटकसंशोधन संस्थेत भारतात जन्मलेले डॉ. झियाउर खान यांनी इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड संस्थेच्या शास्त्रज्ञांबरोबर 1990 च्या दशकात यावर काम सुरू केलं. त्यातून ‘पुश-पुल’ पद्धत निघाली. मक्याच्या दोन ओळींच्या मधे डेस्मोडियम हे वेलासारखं पसरणारं द्विदल पीक लावायचं आणि शेताच्या कडेने नेपियर गवत. डेस्मोडियमच्या वासाने पतंग मक्यापासून दूर राहतात, नेपियरकडे ओढले जातात आणि अंडी तिथे घालतात. नेपियरमधून चिकट द्रव स्रवतो, त्यात बहुतेक अळ्या मरतात. हा भाग एखाद्या चाणाक्ष शेतकऱ्याच्याही लक्षात आला असता. पुढचा भाग मात्र मातीखाली घडतो. डेस्मोडियमच्या मुळांतून काही रसायनं पाझरतात. त्यांतल्या एकाने टारफुल्याचं बी उगवतं आणि दुसऱ्याने त्याचं मूळ मक्याला चिकटू शकत नाही. उगवलेला टारफुला उपाशी मरतो आणि मातीतला बियांचा साठा हंगामागून हंगाम घटत जातो. हे कळायला मुळांचा अर्क काढून त्याची तपासणी करणारी प्रयोगशाळा लागली. वर डेस्मोडियम जमिनीत नत्र धरतं, जनावरांना चारा देतं. 2016 मध्ये अमेरिकन लष्करी अळी आफ्रिकेत पसरली (आपल्याकडे ती 2018 मध्ये आली), तेव्हा पुश-पुलच्या शेतांत तिचाही उपद्रव कमी आढळला.

आता मूळ मुद्द्यावर येते. हे सारं सिद्ध होऊन पाव शतक उलटलं. पूर्व आफ्रिकेत लाखांवर शेतकऱ्यांनी ते घेतलं, तरी मका पिकवणाऱ्या एकूण कुटुंबांपुढे हा आकडा लहानच आहे. कारण डेस्मोडियमचं बी महाग आहे आणि सहज मिळत नाही. पहिल्या हंगामात लावणीला आणि निंदणीला मजुरी जास्त लागते. कापणीनंतर मोकाट सोडलेली गुरं ते चरून टाकतात. खंडाने जमीन करणारा माणूस पुढच्या वर्षी शेत हातात राहील की नाही या विवंचनेत बहुवर्षायू पीक लावत नाही. यातला एकही अडसर कीटकशास्त्रज्ञाच्या हातातला नाही. बियाण्याचा नियम, चराईचा नियम, खंडाचा कायदा, विस्तार सेवेतल्या (गावात जाऊन शेतकऱ्यांना सल्ला देणाऱ्या) माणसांची नेमणूक, हे धोरणाचे प्रश्न आहेत. आणि त्यांच्यावरच्या संशोधनाला निधी मागायला गेलं की उत्तर मिळतं, ‘तंत्रज्ञान तर तयार आहे, आता कशाला?’ या उत्तराची मला मनापासून चीड येते.

आफ्रिकेतल्या शेतीसंशोधनाचा पैसा नेमका येतो कुठून आणि जातो कुठे?
— पत्रकारितेची विद्यार्थिनी, मुंबई

आधी सरकारी तिजोरी पाहू. 2003 मध्ये मापुतो इथे आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी अंदाजपत्रकाचा 10 टक्के वाटा शेतीला देण्याचं वचन दिलं आणि 2014 मध्ये मलाबोला त्याचा पुनरुच्चार केला. बहुतेक देशांना ते पाळता आलं नाही. संशोधनावर शेतीच्या सकल उत्पन्नाचा निदान 1 टक्का खर्च व्हावा असंही उद्दिष्ट आहे. त्याच्या निम्म्यावरही न पोचणारे देश अनेक आहेत. जो पैसा येतो तो बहुतांशी पगारात जातो. प्रयोगाचं शेत, गाडीचं डिझेल, मातीच्या नमुन्यांची तपासणी, हे सगळं परदेशी देणगीदारावर अवलंबून राहतं. साहजिकच प्रश्न कोणता विचारायचा हेही तोच ठरवतो.

तो कोणते प्रश्न विचारतो, याची मोजदाद 2020 मध्ये झाली. स्वित्झर्लंडमधलं बायोव्हिजन फाउंडेशन, आयपेस-फूड हा तज्ज्ञगट आणि इंग्लंडमधली विकास-अभ्यास संस्था यांनी आफ्रिकेतल्या संशोधनासाठी वाहणाऱ्या पैशाचा मागोवा घेतला. गेट्स फाउंडेशनच्या निधीवर चाललेले 85 टक्के प्रकल्प औद्योगिक शेतीला बळ देणारे किंवा तिची कार्यक्षमता वाढवण्यापुरते होते. स्विस निधीतल्या प्रकल्पांत मात्र अ‍ॅग्रोइकॉलॉजीचे घटक असलेले 51 टक्के निघाले. म्हणजे देणगीदाराने मनावर घेतलं तर चित्र बदलतं.

याच काळात आग्रा (अलायन्स फॉर अ ग्रीन रिव्होल्यूशन इन आफ्रिका) या संस्थेचं उदाहरण समोर होतं. रॉकफेलर आणि गेट्स फाउंडेशन यांनी 2006 मध्ये ती उभी केली. सुधारित बियाणं, रासायनिक खत आणि बाजारपेठ यांच्या जोरावर छोट्या शेतकऱ्यांचं उत्पादन आणि उत्पन्न दुप्पट करायचं, हे तिचं 2020 पर्यंतचं ध्येय होतं. काही देशांत मक्याचं उत्पादन वाढलं, हे मान्य करायला हवं. पण गेट्स फाउंडेशननेच करवून घेतलेल्या आणि 2022 मध्ये बाहेर आलेल्या मूल्यमापनातही उत्पन्न आणि अन्नसुरक्षेचं मुख्य ध्येय गाठलं गेलं नसल्याचं दिसलं. त्याच वर्षी संस्थेने आपल्या नावातला ‘हरितक्रांती’ हा शब्द वगळला.

आणि 2025 मध्ये अमेरिकेची यूएसएड ही मदतसंस्थाच बंद झाली. तिच्या पैशावरच्या कृषी संशोधन प्रयोगशाळांचं काम अर्ध्यावर थांबलं. तिचा कल अ‍ॅग्रोइकॉलॉजीकडे होता असं नाही, तरीही मला यात आनंद मानण्यासारखं काही दिसत नाही. शेतातले चालू प्रयोग बंद पडले की आधीच्या वर्षांची मेहनतही वाया जाते, आणि तरुण आफ्रिकी संशोधक दुसऱ्या नोकऱ्यांकडे वळतात. ते सहसा परत येत नाहीत.

मी 30 वर्षं खात्यात काढली. अहवाल येतात, कपाटात जातात. संशोधनातून धोरण झालेलं मी फारसं पाहिलेलं नाही. आफ्रिकेत ते कसं होणार?
— निवृत्त कृषी अधिकारी, अमरावती

साहेब, तुमच्या पत्राने मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला. झालेलं एक उदाहरण सविस्तर सांगते.

नायजर हा सहाराच्या कडेचा देश. फ्रेंच अमदानीपासून तिथे झाडावर सरकारची मालकी होती. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतातली फांदी तोडली तरी वनरक्षक दंड करायचा. मग झाड राखायचं कशाला? रोप दिसलं की शेतकरी उपटून टाकायचा. 1980 च्या दशकात मराडी भागात ऑस्ट्रेलियन टोनी रिनाउडो यांनी रोपं लावण्याचा नाद सोडला आणि शेतात जमिनीखाली जिवंत असलेल्या बुंध्यांना फुटणारे धुमारे छाटून, त्यांतले निवडक वाढू द्यायचे, हे गावकऱ्यांबरोबर सुरू केलं. स्थानिक वनाधिकाऱ्यांनी दंडाकडे काणाडोळा केला आणि ही पद्धत गावोगाव पसरली. तिथला गाओ वृक्ष पावसाळ्यात पानं गाळतो, म्हणजे ऐन हंगामात बाजरीवर सावली पडत नाही, आणि पाला खत होऊन जातो.

वीस वर्षं हे चाललं आणि राजधानीत कोणाला पत्ता नव्हता. हे उजेडात आणलं ते संशोधनाने. डच भूगोलतज्ज्ञ क्रिस राइज आणि अमेरिकी भूसर्वेक्षण विभागाचे ग्रे टॅपन यांनी जुनी हवाई छायाचित्रं आणि नवी उपग्रहचित्रं शेजारी ठेवून, गावागावांत फिरून मोजणी केली. सुमारे 50 लाख हेक्टरवर झाडं परत आली होती. दरम्यान 2004 मध्ये वनकायदा बदलला, आणि जुलै 2020 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी या पद्धतीसाठी स्वतंत्र हुकूमनामा काढला. या मोजणीला लागलेला पैसा एखाद्या मध्यम आकाराच्या बियाणे प्रकल्पाच्या मानाने किरकोळच होता. पण तिचं उत्तर मंत्र्याला उपयोगी पडेल अशा रूपात होतं. किती हेक्टर, कोणत्या जिल्ह्यात, सरकारी खर्च किती, कायद्यातलं कोणतं कलम आड येतं.

कपाटात जाणारा अहवाल आणि टेबलावर राहणारा अहवाल यांतला फरक बहुतेक वेळा इथेच असतो. अर्थखात्यातला माणूस विचारतो : दर कुटुंबामागे खर्च किती, लाभ कितव्या वर्षी दिसेल, मजुरीचे दिवस वाढतील की घटतील, आणि यासाठी मी दुसरं काय कापू? अ‍ॅग्रोइकॉलॉजीच्या शोधनिबंधांत मातीतल्या सेंद्रिय कर्बाचा आलेख असतो, या चार प्रश्नांची उत्तरं फार क्वचित असतात. निधी देणाऱ्यांनी हा खर्च वेगळा धरलेलाच नसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. केनियात चुका आणि थिका इथे 2007 पासून सेंद्रिय आणि रासायनिक पद्धतींची शेजारी शेजारी तुलना चालू आहे. ती स्वित्झर्लंडच्या फिबल संस्थेने उभी केली, आणि तिचंच भावंड आपल्या शेजारी मध्य प्रदेशातल्या कसरावदला कपाशीत आहे. पहिल्या काही वर्षांच्या आकड्यांवर निकाल दिला असता तर सेंद्रिय पद्धत हरलीच असती. नफ्याचं पारडं तिच्या बाजूला झुकायला जवळपास पाच वर्षं लागली, तेही मालाला जादा दर धरून. तीन वर्षांच्या अनुदानात हे कधीच दिसलं नसतं.

तिसरी गोष्ट, दार कोणतं ठोठवायचं. केनियात 2010 च्या राज्यघटनेने शेती हा विषय बराचसा 47 काउंट्यांकडे, म्हणजे जिल्ह्यासारख्या घटकांकडे, दिला. म्हणून तिथल्या शेतकरी संघटना आणि संशोधक आधी नैरोबीला न जाता काउंटीत गेले. मुरांगा काउंटीने 2022 मध्ये अ‍ॅग्रोइकॉलॉजीचा कायदा केला, देशाची रणनीती त्यानंतर दोन वर्षांनी आली. सेनेगलमध्ये 2019 मध्ये शेतकरी संघटना, संशोधक आणि स्वयंसेवी संस्था डायटाएस नावाच्या मंचावर एकत्र आल्या आणि देशाच्या वेगवेगळ्या कृषी विभागांत यात्रा काढून लोकांचं म्हणणं गोळा केलं. त्यावरून तयार झालेला मसुदा त्यांनी सरकारपुढे ठेवला. टांझानियाचीही 2023 ते 2030 ची पर्यावरणीय-सेंद्रिय शेतीची रणनीती आहे.

रणनीती म्हणजे पैसा नव्हे, हे तुम्ही मला सांगायची गरज नाही. या सगळ्या देशांत आता पाठपुरावा करणारं संशोधन हवं : कोणत्या लेखाशीर्षाखाली किती तरतूद झाली, किती खर्च झाली. हे काम कोणालाच आकर्षक वाटत नाही, म्हणून त्याला निधी मिळत नाही.

आफ्रिकेतला शेतकरी आधीच नगण्य खत वापरतो. त्याला आणखी कमी वापर म्हणणं हा पोटभरल्या लोकांचा उपदेश नाही का? श्रीलंकेचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं.
— कृषी सेवा केंद्र चालक, लातूर

तुमचा राग योग्य जागी आहे. सहाराच्या दक्षिणेकडे खताचा सरासरी वापर हेक्टरी 20 किलोच्या आसपास, भारताच्या तुलनेत अगदी थोडा. आफ्रिकी राष्ट्रांनी 2006 मध्ये अबुजाला तो 50 किलोवर न्यायचं ठरवलं, आणि मे 2024 मध्ये नैरोबीच्या परिषदेत खताचं देशांतर्गत उत्पादन आणि वितरण दहा वर्षांत तिप्पट करण्याचं. भुकेल्या देशाला ‘खत नको’ असं बाहेरून सांगणं मला मान्य नाही.

पण खत टाकूनही उत्पादन का वाढत नाही, हा प्रश्न तिथे रोजचा आहे. माती आम्ल झाली असेल आणि सेंद्रिय कर्ब संपला असेल तर दिलेलं नत्र पिकाला लागतच नाही. साहेलमध्ये, म्हणजे सहाराच्या दक्षिण कडेच्या पट्ट्यात, इक्रिसॅट या संशोधन संस्थेने बाटलीच्या झाकणाने मोजून बाजरीच्या ठोंबाशी चिमूटभर खत देण्याची पद्धत रुजवली. बुर्किना फासोमध्ये याकुबा सवादोगो यांनी झाई, म्हणजे उन्हाळ्यात खड्डे खणून त्यांत शेणखत भरायची जुनी रीत, सुधारून कडक झालेली जमीन पुन्हा पिकाखाली आणली. अशा खड्ड्यात थोडं रासायनिक खत पडलं तर कोणताही समंजस अ‍ॅग्रोइकॉलॉजिस्ट नाक मुरडणार नाही. मराडीत तर शेतकरी महिलांनी साठवून निर्जंतुक केलेलं मानवी मूत्र बाजरीला दिलं. संकोच वाटू नये म्हणून त्याला ‘ओगा’ असं नाव दिलं. शेकडो शेतांवर त्यांनी आणि शास्त्रज्ञांनी मिळून चाचण्या घेतल्या, आणि कणसांचं उत्पादन सरासरी 30 टक्के वाढलं. गोणी परवडत नाही अशा बाईसाठी हा पर्याय आहे, आणि तो तिनेच तपासलेला आहे.

अनुदानाचंही पाहा. मलावीने 2005-06 पासून खत आणि बियाण्यावर मोठं अनुदान सुरू केलं. सुरुवातीला मका वाढला. पण काही वर्षांत या एका योजनेने कृषिखात्याचा निम्म्याहून अधिक निधी खाल्ला आणि विस्तार सेवा, संशोधन, सिंचन यांना उरलासुरला पैसा मिळाला. जागतिक बाजारात खत महागलं की योजना डगमगते. त्या पैशाचा काही भाग द्विदल बियाणं किंवा कंपोस्टकडे वळवला तर काय होईल, हे मोजणं म्हणजेच धोरणासाठी संशोधन.

श्रीलंकेने एप्रिल 2021 मध्ये रासायनिक खताच्या आयातीवर एका फटक्यात बंदी घातली. ना कंपोस्टचा पुरवठा उभा होता, ना टप्पे ठरले होते, ना कोणत्या भातपट्ट्यात काय होईल याची चाचणी झाली होती. नोव्हेंबरमध्ये माघार घ्यावी लागली, तोवर शेतकऱ्याचं नुकसान होऊन गेलं. अभ्यासाला फाटा देऊन घेतलेल्या निर्णयाची किंमत अशी मोजावी लागते. आफ्रिकेत ते टाळायचं असेल तर संशोधनावर आत्ताच खर्च करायला हवा.

आमच्या मिलमध्ये मोझांबिक आणि मलावीची तूर येते. या विषयाशी तिचा काही संबंध आहे का?
— डाळमिल चालक, जळगाव

अगदी जवळचा. उत्तर मलावीत एक्वेन्देनी नावाचं गाव आहे. तिथल्या मिशन रुग्णालयात कुपोषित मुलं बरी होऊन घरी जायची आणि काही महिन्यांत पुन्हा दाखल व्हायची. 2000 च्या सुमारास तिथल्या परिचारिका आणि कॅनडातून आलेल्या संशोधक रेचल बेझनर कर यांनी कारण शोधलं. मक्याशिवाय शेतात काही नव्हतं आणि खत घ्यायची ऐपत नव्हती. शेतकऱ्यांनी स्वतः निवडलेल्या जोड्यांत तूर आणि भुईमूग ही जोडी पुढे आली. भुईमूग आधी निघतो, तूर मागे उभी राहते, दोन्हींचा पाला मातीत गाडला की पुढचा मका सुधारतो.

तरीही मुलांचं वजन आपोआप वाढलं नाही. शेंगदाणा विकला जायचा, पैसा पुरुषाच्या हाती. बाळाला काय भरवायचं हे सासू ठरवायची. पाला गाडायचं कष्टाचं काम सुनेवर. म्हणून संशोधनात सासवांना बसवलं, आणि पुरुषांनी रांधायचे दिवस ठेवले. सहभागी गावांत मुलांची वाढ सुधारल्याचं पुढे नोंदलं गेलं. मातीचा नमुना घेणारा प्रकल्प आणि चुलीपर्यंत जाणारा प्रकल्प यांच्या खर्चात फार फरक नसतो, निष्कर्षांत मात्र असतो.

आणि आता तुमच्या धंद्याची बाजू. ऑगस्ट 2017 मध्ये भारताने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली तेव्हा मोझांबिक-मलावीत भाव कोसळले. ज्यांना तूर लावायला सांगितलं होतं, त्यांच्याच घरात ती पडून राहिली. 2021 च्या करारांनी मोझांबिकला वर्षाला 2 लाख टन आणि मलावीला 50 हजार टनांची हमी मिळाली. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या तूर उत्पादकाचं हित जपायचं आणि तिकडच्या शेतकऱ्याला अधांतरी सोडायचं नाही, हे दोन्ही साधणारं आयात-वेळापत्रक कसं असावं, यावर दोन्ही बाजूंनी मिळून केलेला अभ्यास मला कुठे दिसलेला नाही. कोणी निधी देत असेल तर हा विषय पहिला घ्यावा.

पुण्यात माझी मध्यम आकाराची कंपनी आहे, भाऊ नैरोबीत व्यवसाय करतो. आम्हा दोघांना या कामाला पैसा द्यायचा आहे. सीएसआरमधून देता येईल का? आणि कोणाला द्यावा?
— उद्योजक, पुणे

कंपनी कायद्यातल्या सीएसआरच्या, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चाच्या, नियमांनुसार भारताबाहेरचा खर्च धरला जात नाही, अपवाद जवळपास फक्त खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा. त्यामुळे केनियाला थेट पैसा पाठवलात तर तो सीएसआरमध्ये बसणार नाही. व्यक्ती म्हणून तुम्ही रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम देणगी म्हणूनही पाठवू शकता. त्यावर आयकराच्या 80जी कलमाची सवलत नाही, आणि उगमस्थानी कर किती गोळा केला जाईल ते बँकेकडून आधी विचारून घ्या. सीएसआरचा पैसा आपल्या कृषी विद्यापीठातल्या संशोधनाला देता येतो. टारफुल्यावर काम करणारा आपला गट आणि पश्चिम केनियातला गट एकाच प्रश्नाची दोन टोकं धरून बसले आहेत. इकडचा खर्च तुम्ही उचला, तिकडचा भाऊ उचलेल.

भावासाठी : नव्या संस्थेची पाटी लावू नका. आफ्रिकन अन्नसार्वभौमत्व आघाडीसारखी कंपालातून चालणारी, खंडभर पसरलेली संघटना आहे. 2012 पासूनचा अ‍ॅग्रोइकॉलॉजी फंड आहे, त्यात अनेक देणगीदार पैसा एकत्र करतात. केनियाची सरकारी संशोधन संस्था काल्रो आहे. पैसा देण्याआधी विचारा की संशोधनाचा प्रश्न कोणी ठरवला, निष्कर्ष स्वाहिली किंवा लुओ भाषेत गावात परत जातील का, एखादा कृषी-अर्थतज्ज्ञ पूर्ण वेळ आहे का, आणि काउंटीच्या अंदाजपत्रकाच्या तारखांशी कामाचं वेळापत्रक जुळतं का. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती निदान सहा वर्षं द्या. आणि अहवालाची अपेक्षा माफक ठेवा. दर तिमाहीला अहवाल मागणारे देणगीदार संशोधकाचा शेतातला वेळ खातात.

वकिलांच्या खर्चालाही नाही म्हणू नका. केनियाच्या 2012 च्या बियाणे कायद्याने प्रमाणित नसलेलं बियाणं विकणं आणि देवाणघेवाण करणं तुरुंगवासाचा गुन्हा ठरवला होता. शेतकऱ्यांनी 2022 मध्ये दाद मागितली आणि नोव्हेंबर 2025 मध्ये मचाकोसच्या उच्च न्यायालयाने ती कलमं घटनाबाह्य ठरवली. शेतकरी एकमेकांकडून किती बियाणं घेतात, त्यावर पिकांची किती विविधता टिकून आहे, हे दाखवणारा अभ्यास अशा खटल्यात लागतो, आणि तो आयत्या वेळी तयार करता येत नाही.

परभणीत कृषिविद्येत पीएचडी करतो आहे. या क्षेत्रात जायचं तर काय शिकू?
— संशोधक विद्यार्थी, परभणी

अंदाजपत्रक वाचायला शिका, लेखाशीर्षांसकट. पश्चिम आफ्रिकेत जायचं असेल तर फ्रेंच, पूर्वेला स्वाहिली. शेतीच्या अर्थशास्त्राचा एक पूर्ण अभ्यासक्रम करा, आणि मजुरीचे दिवस बाई-पुरुष वेगळे नोंदवायची सवय आत्ताच्या तुमच्या प्रयोगापासून लावा. तिकडे गेलात तर आफ्रिकी संस्थेच्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली जा, प्रकल्पप्रमुख म्हणून नको. तुमच्या पत्रात तुम्ही सोयाबीन-तूर आंतरपिकाच्या तीन वर्षांच्या नोंदी असल्याचं लिहिलं आहे. त्यांत मजुरी आणि खर्चाचे आकडे असतील तर मला पाठवा. मलावीतल्या गटाशी तुमची गाठ घालून देते.